शरयूच्या नावाचं पत्रक

बॉथेल, वॉशिंग्टन
१२ मार्च २००५

चि. सौ. शरयू हिस,
अनेक आशीर्वाद.

मी इथे सुखरूप आहे. ज्ञानदाला आठवा महिना लागलाय. पाय सुजतात, पण डॉक्टरीण काळजीचं काही नाही म्हणते. परीक्षित अंधारात गाडी काढून ऑफिसला जातो आणि अंधारातच परततो. पाऊस अगदी इंग्लंडसारखा, बारीक आणि चिवट. लेकीकडे अमेरिकेत आलेय असं वाटतच नाही. फोनवर आपण दोघी लगेच भांडतो, म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुला मध्येच तोडता येणार नाही.

काउंटी कौन्सिलसाठी माझ्या जागी पक्षाने तुला उभं केलं, फार बरं वाटलं. पहिल्यांदा मी तुला मीटिंगला ओढून नेलं तेव्हा तू फक्त चहाबरोबरच्या बिस्किटांसाठी येत होतीस, हे मतदारांना सांगू नकोस.

रोज इंटरनेटवर तिकडच्या बातम्या वाचते आणि तोंड कडू होतं. विरोधकांनी बाहेरून येणाऱ्या माणसांचा बागुलबुवा उभा केला, त्याचं मला नवल नाही. त्यांचं दुकानच ते. पण आपले नेते? कामगारांचा म्हणवणारा आपला पक्ष, आणि नेते सांगताहेत की आम्ही त्यांच्याहून कडक आहोत. दोन वर्षांपूर्वी युद्धाच्या विरोधात आपण लंडनच्या थंडीत चाललो, तेव्हा मला या लोकांचा राग आला होता. आता नुसती किळस येते.

ग्रेसची खबर कळव. झिम्बाब्वेहून जीव वाचवून आलेली शिक्षिका, दोन मुलं पदरात, आणि आश्रयाचा अर्ज अजून लोंबकळत ठेवलाय. तिला माझी आठवण सांग. विनयना नमस्कार.

तुझ्यावर लोभ आहेच, तो मागायला नको.
ताई

—

मिडलँड्स, इंग्लंड
२४ मार्च २००५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र विनयने मोठ्याने वाचलं आणि बिस्किटांपाशी इतका हसला की मी ते काढून घेतलं. तू ज्ञानदाचे पाय दाबतेस की तिला भाषणं देतेस?

इथे दारोदार फिरतेय. युद्धाचं नाव काढून चारपाच जणांनी तोंडावर दार लावलं. बाकीचे विचारतात की बाहेरच्यांना घरं मिळतात, आमच्या मुलांना का नाही. गंमत म्हणजे हे मलाच विचारतात, आणि मग म्हणतात, तुझ्याबद्दल नाही हं, तू आमचीच. आपल्या मंदिरातली दोन माणसंही हेच बोलली. आपण रीतसर आलो म्हणे.

प्रचारप्रमुखांचं म्हणणं, या प्रश्नावर गप्प राहिलं तर जागा गेलीच. पहिलं पत्रक निघालंय. फोटो बरा आलाय, तू दिलेली निळी साडी आहे. ग्रेस बरी आहे, ऑफिसात मदतीला येते. तुम्ही दोघी मिळून रांधायच्या त्या चर्चच्या स्वयंपाकघरातून तुला नमस्कार सांगितलाय.

तिथल्या पावसात जपून राहा. माया आहे तशीच असू दे.
तुझी शरयू

—

बॉथेल
९ एप्रिल २००५

शरयू,
आशीर्वाद.

वॉर्डातल्या लताने तुझं पत्रक स्कॅन करून मला ई-मेलने पाठवलं. निळी साडी पाहिली. खालचा मजकूरही पाहिला. आश्रयाच्या नावाखाली येणाऱ्या खोट्या लोकांना आम्ही लवकर परत पाठवू, पूर्वीपेक्षा दुपटीने पाठवू. आणि त्याखाली तुझी सही. मी तीनदा वाचलं, कुणी विरोधकांनी खोडसाळपणा केलाय का म्हणून.

परवा इथे ज्ञानदाच्या मैत्रिणीकडे, शोभाकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन जायचा. सगळी पुण्या-मुंबईची, नागपूरची मुलं, व्हिसावर आलेली, ग्रीन कार्डाची वाट पाहणारी. बोलणं मेक्सिकोहून येणाऱ्या मजुरांवर गेलं. आम्ही इतकी वर्षं लाइनीत थांबायचं आणि हे बॉर्डर क्रॉस करून मजा करणार, एकेकाला उचलून फेकलं पाहिजे, असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. शोभाच्या घराबाहेर हिरवळ कापणारे दोघे त्याच मुलखातले होते. मी बोलायला तोंड उघडलं, तर परीक्षित म्हणाला की आई, तुमच्या पार्टीचंही आता हेच म्हणणं आहे, मावशींनी करेक्ट लिहिलंय. ज्ञानदाने त्याला पत्रक दाखवलं होतं.

ज्या वाक्यांशी मी जन्मभर भांडले ती माझ्या जावयाने मला ऐकवली, आणि पुरावा म्हणून माझ्या बहिणीचं नाव दिलं.

वरच्या नेत्यांकडून मी काही अपेक्षा ठेवलेली नाही. मतांसाठी ते उद्या आपल्या आईलाही सरहद्दीपलीकडे सोडतील. पण तू? हा मजकूर माझा नाही, असं वर्तमानपत्रात छापून दे. जागा जाते तर जाऊ दे.

उत्तराची वाट पाहते.
प्रतिमा

—

मिडलँड्स
२० एप्रिल २००५

ती. ताईस,
नमस्कार.

'ताई' न लिहिता 'प्रतिमा' लिहिलंस, ते लागलं.

मजकूर वरून आला. तो परिच्छेद काढा, असं मी सांगितलं होतं. प्रचारप्रमुख म्हणाले, काढायचा तर उमेदवारही बदलू. तू सोडून गेलेल्या जागेवर मग कोण बसलं असतं, तूच सांग. मी पडले तर समोरचा निवडून येईल. तो तर आपल्या पत्रकांतून याहून वाईट बोलतोय. लेकीच्या घरी खिडकीशी बसून तत्त्वं सांभाळणं सोपं आहे, ताई. इथे पायाला फोड आलेत.

मी कोणाची माफी मागणार नाही, असं लिहायला बसले होते. पण एक सांगते, कारण ते विनयलाही सांगितलेलं नाही. पत्रकं छापून आली तेव्हा घड्या घालायला ग्रेस ऑफिसात आली होती. पहिल्या गठ्ठ्यावर ती थांबली, वाचलं. मग मला विचारलं की हे माझ्याबद्दल आहे का. मी म्हटलं, नाही गं, तुझ्याबद्दल कसं असेल, खोट्या लोकांबद्दल आहे. तिने मान हलवली आणि उरलेल्या सगळ्या घड्या घातल्या. दरवेळी माझा फोटो वर येईल अशा.

निवडणूक होऊ दे. मग बोलू.
शरयू

—

बॉथेल
९ मे २००५

चि. शरयूस,
आशीर्वाद.

ज्ञानदाला मुलगी झाली. दोघी छान आहेत. बाळाचं कपाळ तुझ्यावर गेलंय, म्हणजे हट्टी निघणार.

तुझा निकाल वाचला. अभिनंदन लिहायला पेन उचललं आणि परत ठेवलं. मी पक्षाचा राजीनामा पाठवलाय. एकोणतीस वर्षं जी माणसं माझ्यासारख्यांच्या खांद्यांवरून वर चढली, ती वरून आपल्यावरच थुंकतात. वर पुन्हा सांगतात की याशिवाय सत्ता मिळत नाही. आता मिळालीय. बघू ग्रेसचं काय करतात.

सोपं आहे म्हणालीस ते मान्य. पण तुझ्यावर माझा राग आहे, किळस नाही. हा फरक ध्यानात ठेव.
ताई

—

मिडलँड्स
२ जून २००५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाळाला माझे पापे. लिहायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

ग्रेस नेहमीसारखी हजेरीची सही करायला इमिग्रेशन ऑफिसात गेली आणि तिला तिथेच अडकवलं. अर्ज फेटाळलाय, विमानात बसवणार. मुलं शाळेत होती, ती आता आमच्याकडे आहेत. मी सगळीकडे फोन केले. शेवटी आपल्याच पक्षाच्या खासदारांच्या ऑफिसात. मी नवी निवडून आलेली कौन्सिलर, माझं ऐकतील असं वाटलं. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पण कौन्सिलर, तुमच्या प्रचारात तर तुम्ही याचीच मागणी केली होती ना? आणि ओळ वाचून दाखवली. माझीच. माझ्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी, तिला कोंडून ठेवलंय त्या डिटेन्शन सेंटरला विनयबरोबर गेले. झडती दिली, एका टेबलाशी बसलो. ग्रेसला आत आणलं. मला रडू आवरेना आणि ती माझे हात धरून बसली. मुलांबद्दल विचारण्याआधी तिने विचारलं की जिंकलीस ना? मी हो म्हटलं. तिने माझं अभिनंदन केलं. मनापासून केलं, ताई, टोमणा नव्हता.

तेव्हापासून मला आरशात बघवत नाही. आपल्या लोकांच्या मीटिंगला गेले तर विजयाचा केक कापत होते. हातात दिलेली बशी तशीच ठेवून बाहेर पडले. मी कौन्सिलचा राजीनामा लिहून ठेवलाय. तुला विचारल्याशिवाय टाकत नाही.

रागव, पण उत्तर दे.
तुझी शरयू

—

बॉथेल
१४ जून २००५

चि. सौ. शरयूस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी परीक्षितला मोठ्याने वाचून दाखवलं. बाळ त्याच्या खांद्यावर होतं. तो बाळाची पाठ थोपटत राहिला. मग म्हणाला, पण आई, ही बाई तर अर्ज करून थांबली होती, ती लाइनीतच होती. मी म्हटलं, हो. तो बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. संध्याकाळी त्याने इंटरनेटवरून लंडनच्या दोन इमिग्रेशन वकिलांची नावं काढून दिली. ती सोबत जोडते. फीचा अर्धा भाग तो देणार आहे. पॉटलकमध्ये तो काय बोलेल ते मला ठाऊक नाही.

राजीनामा फाडून टाक. जागा सोडशील तर ती अशाच दुसऱ्या कुणाला तरी मिळेल आणि तो केक खात बसेल. पक्ष सोड. कौन्सिलमध्ये स्वतंत्र म्हणून वेगळी बस आणि पहिल्याच सभेत उभी राहून सांग की ते पत्रक तुझ्या नावाने निघालं, ते खोटं होतं, आणि त्याच्या घड्या कोणी घातल्या. बाईचं नाव घेऊन सांग. ते हसतील, फोटो काढतील, उद्याच्या पेपरात तुला दुटप्पी म्हणतील. म्हणू दे. ते खरंच आहे, आणि तरी सांग.

मी पंधरवडाभरात परत येतेय. ज्ञानदाची सासू येऊन पोचली आहे. ग्रेसच्या मुलांना म्हणावं, माझ्याकडे राहायला या, तुझ्या स्वयंपाकाने ती बारीक झाली असतील. विमानतळावर ये, पण घरी नको नेऊस. आधी ग्रेसकडे जाऊ. या खेपेला तू तिचे हात धर.

तुझी, आणि पक्षाशिवायही तुझीच,
ताई