बाहेरून लावलेलं कुलूप

९ नोव्हेंबर

ताईंना नमस्कार,

तुम्ही पाठवलेला निळा स्वेटर आजींना छान बसला. बाह्या जरा लांब होत्या, त्या दुमडून मी टाके घातलेत. भूक बरी आहे. परवा मला म्हणाल्या, "तू कुणाची सून गं?" मी म्हटलं, "तुमचीच." तर म्हणतात, "मग एवढी कामं कशी करतेस?" दादासुद्धा हसले.

फोन सोडून ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा दादा समोर असतात आणि स्पीकर चालू असतो. तुम्ही विचारता, "मावशी, सगळं ठीक ना?" मी ठीक म्हणते. ते अगदीच खोटं नसतं.

दिवसभर काय काय असतं, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. आजी उठल्या की माझा दिवस सुरू होतो. दात, अंघोळ, गोळ्या, भरवणं, कपडे, पुन्हा कपडे. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी जेवते, तेही एक कान खोलीकडे ठेवून. संध्याकाळी त्या "मला घरी सोड" म्हणून रडतात. मग चपला घालून आम्ही हॉलमध्येच फेऱ्या मारतो आणि "आलं बरं का घर" म्हणून खुर्चीत बसतो. रात्री माझी गादी त्यांच्या पलंगाला लागून असते. त्या उठल्या की पहिला पाय माझ्यावर पडतो. मी येऊन दीड वर्ष झालं. सलग झोप म्हणजे काय ते विसरले आहे. पण कामाला मी कधी भ्याले नाही.

ताई, दादा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जातात. मी आले त्या दिवसापासून.

त्यांचा हेतू वाईट नाही. आधीची बाई खाली गप्पा मारत बसली आणि आजी एकट्या पार मोठ्या रस्त्यावर जाऊन पोचल्या, ते तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा तुम्ही दादांना म्हणाला होतात, "परत असं झालं तर मी तुला माफ करणार नाही." ते त्यांनी मनाला लावून घेतलंय.

गेल्या आठवड्यात मी न्हाणीघरात चादर धूत होते. आजींनी टेबलावरची सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि ती घशात अडकली. बाहेर आले तर ओठ निळे पडलेले. त्यांना पुढे वाकवून पाठीत थापा मारल्या, एकीकडे हाका मारल्या. समोरच्या शिक्षिकाबाई धावत आल्या. "दार उघडा, मावशी!" मी कुठून उघडणार? त्या बाहेरून कडी हलवत होत्या, मी आतून आजींना हलवत होते. शेवटी फोड बाहेर पडली. आजींनी श्वास घेतला आणि मला म्हणाल्या, "मारतेस कशाला?"

संध्याकाळी दादांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ आईचा हात धरून बसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कुलूप हातात.

मी उंबऱ्यावर जाऊन बसले. "लावायचं तर मला बाहेर ठेवून लावा."

"मावशी, उशीर होतोय मला."

"मग आज तुम्ही सांभाळा. मी जाऊन येते."

त्यांनी रजा टाकली.

बाहेर पडले खरी, पण जायचं कुठे ते कळेना. इकडे तिकडे फिरले, एका दुकानासमोर उगाच भांडी बघत राहिले. संध्याकाळी परत आले तर दादा माझ्या गादीवर आडवे, गाढ झोपलेले, शर्टावर सूप सांडलेलं. आजी त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. मला म्हणाल्या, "हा कोण गं? फार दमलाय बिचारा." उठल्यावर दादांनी जुडग्यातली कुलपाची किल्ली काढून मला दिली; आता कुलूप आतून मीच लावते. तेव्हा म्हणाले, "ताईला यातलं काही कळवू नका. उगाच घाबरेल."

मी रोज दुपारी दोन तास आणि आठवड्यातला एक दिवस मागितलाय. दुसरी बाई लावायला ते तयार नाहीत. परक्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, म्हणतात. मी काय जन्मापासून घरातली होते का?

हे सगळं दादांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट त्यांना माहीत नाही.

त्या दिवशी मी बसस्टॉपवर बसले होते. आमच्या गावाकडे जाणारी बस आली. मी पायरीवर पाय ठेवला. कंडक्टर म्हणाला, "चढताय का?" मी खाली उतरले. आजी डोळ्यांसमोर आल्या म्हणून उतरले असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी उतरले ते बॅग घरात राहिली होती म्हणून. आजी मला तेव्हा आठवल्याच नाहीत. त्यानंतर मला माझीच भीती वाटते.

आता किल्ली माझ्याकडे आहे, बॅगही पलंगाखाली आहे. दादा दिवसभर बाहेर असतात. म्हणून सांगते, ताई, फोन करू नका. या.

अजून तरी तुमच्या आईजवळच असलेली,
मावशी