रिसेप्टर वर का येत नाही

५ जुलै १९९३, सेलू

औरंगाबादहून एका शोधनिबंधाची झेरॉक्स आली. नाकाच्या पेशीत वास ओळखणारं प्रथिन तयार होतं, रिसेप्टर. ते पेशीच्या पृष्ठभागावर आलं तरच वासाला भेटणार. परदेशातल्या लॅबवाल्यांनी तेच दुसऱ्या पेशीत घातलं, तर आतच अडकून बसलं. का, कुणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजात सेमिनार आहे, तिथं सांगेन. पाहुणे प्रोफेसर खूश झाले की विभागप्रमुख मीच. चौदा वर्षं लेक्चरर म्हणून कुजवलंय मला! प्राचार्य दिनकरराव म्हणजे टाय घातलेलं गाढव.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे. पेपरची दहा पानं लिहिणे.

६ जुलै

आठला उठलो. शेजारच्या भगवानरावांची गिरणी बंद होती. तिच्या आवाजानंच जाग येते. दोष त्यांचा.

१२ जुलै

सिद्धांत तयार. लायक असेल ते स्वबळावर वर येतं. अडकतं ते नालायक. (माझी गोष्ट वेगळी. मला अडवलंय.)

वर्गात तीनच पोरं. तरी फळ्यावर सगळं समजावलं. बीकर धुणारी तानूबाई मधेच बोलली. म्हणे, "नवी नवरी सासरी माजघरातून एकली बाहेर येती का सर? पाठराखीण हात धरून आणती. तुमच्या त्या गोऱ्या लोकांनी नवरी नेली, पाठराखीण माहेरीच ठेवली. मग काय व्हायलंय!" पोरं खो खो हसली. दारात बन्सीधर उभा, ज्युनिअर, कान टवकारून. बीकर धू, म्हणालो. अडाणी बाईची बडबड. शास्त्रात नवरी कुठून आली?

२९ जुलै

एक पान झालं. शीर्षकाचं. अक्षर सुंदर आलंय.

९ ऑगस्ट

सेमिनारमध्ये बन्सीधरही पेपर वाचणार म्हणे. वाचू दे. कालचं पोरगं. बेडूक फाडताना हात थरथरतात त्याचे.

२१ ऑगस्ट, सायंकाळी

सेमिनार. चाळीस मिनिटं बोललो. पाहुण्यांनी विचारलं, प्रथिन तेच, मग एका पेशीत लायक आणि दुसरीत नालायक कसं? मी म्हणालो, दुसऱ्या पेशीतलं वातावरण द्वेषी असतं. सभागृह हसलं. हलकट लोक.

मग बन्सीधर उठला. नाकाच्या पेशीत सोबत करणारं आणखी एखादं प्रथिन असावं, दुसऱ्या पेशीत ते नसावं, असा अंदाज. वर म्हणाला, कल्पना तानूबाईंची. पाहुण्यांनी चहा खाली ठेवून लिहून घेतलं. हे तपासून बघायला हवं, म्हणाले. तानूबाईला स्टेजवर बोलावलं. तिला! ओल्या हातांनी!

२३ ऑगस्ट

नीट आठवलं. सोबतीचा मुद्दा मुळात माझ्याच डोक्यात होता. तानूबाई नुसती माझ्यासमोर बोलली.

२६ ऑगस्ट

बन्सीधर विभागप्रमुख. नोटीस लागली. जेवलो नाही. बायको कस्तुराबाई म्हणाली, लय मनाला लावून घेऊ नका. मी ताट सरकवलं. रडूच आलं, खरं सांगायचं तर. पण गप्प बसणारा मी नव्हे! कल्पना माझी, माझ्या वर्गात जन्मलेली. चोरीची लेखी तक्रार केली. प्राचार्य म्हणाले, पुरावा आणा. पुरावा आहे. १२ जुलैला सगळं तारखेनिशी डायरीत लिहिलंय. आता बघाच म्हणावं एकेकाची कशी जिरवतो.

३० ऑगस्ट

डायरी दिली. प्राचार्यांनी १२ जुलैचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. बन्सीधर होता, क्लार्क पंडितही होता. 'अडाणी बाईची बडबड' इथं आल्यावर थांबले. माझ्याकडे बघितलं. मग सहज मागचं पान उलटलं. ५ जुलै. तेही मोठ्यानं वाचलं. टाय घातलेल्या गाढवाचं वाक्य चष्मा पुसून दोनदा.

तक्रार मागे घेतली. अकरावीची सकाळी सातची प्रॅक्टिकल्स आता माझ्याकडे.

बाहेर तानूबाई बीकरांचा ट्रे घेऊन उभी. म्हणाली, "सर, तुमच्या वहीत माझं नाव हाय म्हणं. काय लिवलंय?" चांगलंच लिहिलंय, म्हणालो. ती बरं म्हणाली आणि गेली.

प्राचार्यांच्या केबिनचं दार सगळा वेळ उघडंच होतं, हे मला नंतर कळलं.