गाडीतला गारवा

१२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडीचा एसी दुरुस्त केला खरा, पण निघायच्या घाईत तो चालवून पाहणं राहिलं. फोनवर तू अर्धंच ऐकतेस, म्हणून लिहितो. ऑपरेशनपासून दाजींना उकाडा सोसत नाही. मागच्या तपासणीला जाताना गाडीतच चक्कर आली त्यांना. तेव्हा त्यांना बसवण्याआधी खात्री करून घे.

गाडी मोकळ्यावर काढ. हँडब्रेक ओढ, एसी पूर्ण लाव आणि मधल्या जाळीशी तापमापक धर. काटा उतरला आणि तिथंच टिकला, की काम फत्ते. बॉनेट उघडून बोटं घालू नकोस. नसत्या उचापतींची तुला हौस फार.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा धाकटा

१७ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काटा टिकला! आता मला हवं तेवढं ओरड. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून मी गाडी गॅरेजमध्येच सुरू केली. शिवाय गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारही लावून घेतलं. आईची सवय, दुसरं काय! डोकं जड झालं, मळमळायला लागलं, तरी मी आपली काट्याकडे बघत बसले.

बंद दाराआडून इंजिनाचा आवाज ऐकून हे अंथरुणातून उठले. आधाराशिवाय पाऊल न टाकणारा माणूस भिंत धरत आला, दार उघडलं, इंजिन बंद केलं आणि मला ओढत अंगणात आणलं. मग असे काही रागावले, की मला रडूच कोसळलं. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो म्हणे. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. आम्ही सुखरूप आहोत. काल गाडी बाहेर काढून पुन्हा पाहिलं, तेव्हा काटा टिकला. देवाचे आणि ह्यांचे उपकार कसे फेडू?

माया कमी करू नकोस.
तुझी ताई

२१ मे

चि. मेहुण्यास,
आशीर्वाद.

तुझ्या ताईचं पत्र वाचून घाबरला असशील, म्हणून मीच लिहितोय. काल तपासणी झाली, सगळं ठीक आहे. गाडी शेजाऱ्यांनी चालवली, आम्ही दोघं मागे बसलो. एसी झकास चालला. तुझे आभार किती मानू?

मी तिला वाचवलं, असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे. इतके महिने मला जपणारी ती, आणि कौतुक माझं! वाटेत त्या गारव्यात तिला गाढ झोप लागली. ऑपरेशनपासून ती माझ्याआधी झोपलेली मी पाहिली नव्हती. घर आलं तरी मी तिला उठवलं नाही. शेजाऱ्यांना म्हटलं, आणखी एक फेरी मारू या.

तुझे,
दाजी