दोन बगळे आणि मागचं अंगण

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघे टेकत नाहीत, तेव्हा खुर्चीतूनच घातला असं समज.) तुझं मनगट आता स्वतःची वेणी घालू देतं का? माझी तब्येत उत्तम आहे. राग आला की माझं रक्त नीट फिरतं, आणि आमच्या कॉलनीच्या कमिटीने त्यात खंड पडू दिलेला नाही.

गेल्या वर्षी तू माझ्या मागच्या अंगणात शेवाळावरून घसरलीस, तेव्हापासून तुझ्या प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली: ‘अंगण वाळलं की कळव, मग येते.’ (ही ओळ तुझ्या मुलाने सांगितलेली असते, हे मला कळतं. तू मनाने लिहितेस तेव्हा अक्षर इतकं सरळ येत नाही.) म्हणून उशीर का होतोय ते सविस्तर लिहिते.

मूळ दोष शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांचा. त्यांनी भराव घालून फरशी बसवली, तेव्हापासून त्यांच्याकडचं पाणी थेट माझ्याकडे येतं. विचारत नाही, वहाणा काढत नाही. मी कमिटीला रीतसर अर्ज केला, आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरनी शिकवल्याप्रमाणे समास सोडून. कमिटी पाहणीला आली ती कडक उन्हात, दोन महिन्यांत थेंब पडलेला नसताना, आणि शेरा मारून गेली: ‘पाहणीच्या वेळी पाणी आढळले नाही.’ मग पुढच्या पाहणीला मी बागेची नळी सोडून अंगण काठोकाठ भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाण्याची नासाडी केल्याची नोटीस! वाचनालयात तीस वर्षं भल्याभल्यांना गप्प बसवलंय मी, पण ही कमिटी काही गप्प बसेना.

शेवटी गवंडी म्हणाला, “बाई, चर खणू, भोकं पाडलेला पाइप टाकू, वर खडी. दोन दिवसांचं काम.” काम दोन दिवसांचं, पण नियमावली ऐंशी पानांची. (आपल्या वसतिगृहातसुद्धा एवढे नियम नव्हते, आणि तिथे निदान आपण दोघी होतो.) त्यात लिहिलंय, चर खणायला तीन सभांची मंजुरी हवी, शोभेच्या मांडणीला मात्र कुणाचीच नको. मग काय, चरावर गोल गोटे पसरले आणि सिमेंटचे दोन बगळे उभे केले. झाली शोभा! कमिटी टेप घेऊन हजर. शोभेची वस्तू दोन फुटांहून उंच नको, आणि एक बगळा चार बोटं जास्त भरला. सेक्रेटरी म्हणाले, “मान थोडी कमी करता येईल का?” मी विचारलं, “कुणाची?” अखेर गवंड्याने दोन्ही बगळे गुडघ्यांपर्यंत खडीत पुरले. आता पुरलेला भाग उंचीत धरायचा की नाही, यावर कमिटीत दोन तट पडलेत. निकाल लागेपर्यंत काम बेकायदा, आणि अंगण जैसे थे.

तुझी खोली मी रोज झाडते. (कोण राहतं म्हणून धूळ बसते, देव जाणे.) चार वाजता हात आपोआप दोन कपांचं पाणी ठेवतो. दुसरा कपही मीच पिते, मग पित्त होतं, आणि त्याचं खापर मी कमिटीवर फोडते. त्यांचे खांदे रुंद आहेत.

सुनेला आशीर्वाद. मुलालाही, पण जरा कमी.

तुझी,
धाकटी

ता. क. माझा जुना इंग्रजी शब्दकोश तुझ्याकडे असेल तर पाठव. सेक्रेटरींना योग्य शब्दांत उत्तर द्यायचं आहे, आणि योग्य शब्द मला मराठीत फारच पटकन सुचतात.

आणखी एक ता. क. शब्दकोश माझ्याच कपाटात आहे. आणि ‘जैसे थे’ हेही खोटं. पाइपने पहिल्याच पावसात काम केलं. चार महिने झाले, अंगण खडखडीत कोरडं आहे. शेवाळ मी स्वतः घासून काढलं. तुला कळवलं नाही ते मुद्दाम. ओलं होतं तोवर तू न येण्याचा दोष पाण्याला देता येत होता. कोरडं आहे म्हणून कळवलं आणि तरी तू आली नाहीस, तर मी कुणावर चिडायचं?

आता कळवलंय. मुलाला न विचारता ये.