विल्होची धडधाकट बत्ती

प्रिय हेल्मी,

चांगली गॅसबत्ती कितीला पडेल, असं तू विचारलंस. माझ्या दुकानात तिच्यावर साठ डॉलरची चिठ्ठी आहे. त्यात ज्योतीवर बांधायच्या जाळ्यांची दोन पाकिटं धर, कारण पहिली जाळी तू बांधतानाच फाडशील. एक काच जास्तीची, आणि शिकारीच्या आठवड्यापुरत्या गॅसच्या बाटल्या. शंभराची नोट देऊन वर सुटे काढावे लागतील. आणि एवढं देऊनही तुला जे हवंय ते मिळणार नाही. पण तिकडे मी सावकाश येतो.

घ्यायचीच तर जाड लोखंडी बाटलीवर बसणारी, प्रोपेनची घे. पातळ डब्यातला ब्युटेन आपल्या नोव्हेंबरात डब्यातच आखडून बसतो. बूड रुंद हवं. भगभगीत, दोन जाळ्यांची नको. तुला बटाटे सोलायचेत, हरणांची वरात काढायची नाही. नवी जाळी बांधलीस की गॅस सोडण्याआधी ती उघड्यावर काडीने पेटव आणि पांढरी राख होऊ दे. तो धूर नाकात घेऊ नकोस, राखेला बोट लावू नकोस. तिला भोक पडलं की ज्योत थेट काचेवर जाते आणि काच तडकते. बाटली बसवली की सांध्यावर साबणाचं पाणी लाव. बुडबुडा दिसला तर बत्ती परत आण. मी दोन शिव्या देईन आणि बदलून देईन.

हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. बाप तांब्याच्या खाणीत होता आणि मी त्याच्या मोडक्या ट्रकमागे उभा राहून गळाला लावायचे किडे विकायचो. दुकान नंतर झालं. कान मात्र तेव्हापासूनचे. बत्तीची सूं-सूं ऐकली की डोळे मिटून सांगतो, नळी चोंदलीय, जाळी फाटलीय की बाटली संपत आलीय. पलीकडच्या गावची माणसं बत्ती काखेत मारून येतात आणि म्हणतात, "रेइनो, हिची नाडी बघ रे जरा." तुझा बाप सगळ्यांसमोर म्हणायचा, "बायकोचं एक अक्षर ऐकत नाही, बत्तीचं मात्र पोटातलं ऐकतो मेला."

परवा तुझी आई साइमी दुकानात आली होती. मोजे घेतले, वेलदोड्याच्या गोड नीसूचा एक पाव माझ्यासाठी ठेवला आणि गेली. साइमी आता बत्त्यांच्या फळीकडे पाठ करूनच उभी राहते.

आमच्या तंबूचा नियम तुला ठाऊक आहे, लहानपणी तू त्यावर खूप हसायचीस. सौनाच्या वाफेतून आधी बाहेर पळेल तो हरला, तसं तंबूचा पडदा आधी उघडेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. आपल्या फिनिश लोकांना उकाडा सोसण्याचा केवढा अभिमान! त्या वर्षी सुपिरिअर सरोवरावरून वादळ आलं आणि तंबूत तुझा बाप विल्हो आणि मी, दोघंच होतो. वारा शिरू नये म्हणून तंबूच्या कडेने बर्फ थापलं. वरच्या झरोक्यात विल्होने आपला लोकरीचा मोजा कोंबला. दुपारचं जेवण झालं होतं. बत्ती मधल्या काठीला टांगलेली, उजेडापेक्षा उबेसाठीच. विल्हो म्हणाला, डोकं ठणकतंय. मी म्हणालो, "कालची ब्रँडी बोलतेय ती, पड गप." थोड्या वेळाने माझ्याच पोटात ढवळलं, म्हणून पडदा सारून बाहेर धावलो. मागून त्याचा आवाज आला, "भांडी तुझी रे, म्हाताऱ्या!"

बाहेर पायांतलं बळच गेलं. बर्फात किती वेळ पडून होतो, कोण जाणे. रांगत आत आलो तेव्हा तो तसाच आडवा, गाल सौनातून आल्यासारखे गुलाबी. मी त्याला म्हणालो, "भांड्यांसाठी मेल्याचं सोंग करतोस होय?" दोनदा म्हणालो.

तू नवऱ्याच्या आणि स्वतःच्या वतीने लिहितेस, "बाबांची बत्ती खराब होती. या वेळी तुम्ही निवडून द्या, आणि डेलच्या आणि माझ्याबरोबर तंबूत या. तुमचे कान असले की आम्ही निर्धास्त झोपू." बत्ती खराब होती, हे अर्धं गाव म्हणतं. साइमीला त्यातच आधार वाटतो, म्हणून मी कधी खोडलं नाही. पण तुला खोट्यावर तंबू ठोकू देणार नाही. चौकशी संपून ती बत्ती परत मिळाली तेव्हा मी दुकानामागे लावून पाहिली. सांध्याला बुडबुडा नाही, जाळी अखंड, ज्योत पांढरी. धडधाकट बत्ती होती, हेल्मी. गॅस गळलाच नव्हता. कोंडलेल्या जागेत कुठलीही बत्ती जळली की तिच्यातून जो वायू निघतो, त्याने तुझा बाप गेला. म्हणून बत्ती बाहेर फांदीला टांग. आत बॅटरीचा दिवा ने, आणि तो वायू साठला की घंटा वाजवणारी डबी ने. ती मी देतो. झरोका उघडा ठेव, थंडी वाजली तरी. पडदा उघडेल त्याला पहिली कॉफी, हा नियम कर. मी येईन, पण माझ्या भरवशावर झोपू नका. त्या दुपारी मी जागा होतो, तुझ्या बापापासून हातभर अंतरावर, आणि बत्तीच ऐकत पडलो होतो. त्या वायूला आवाज नसतो.

तुझाच,
रेइनोकाका