सामान सांभाळायचा किनारा

आप्पा, तुमच्या नातवानं मला समुद्र निवडायला दिलाय. समुद्र म्हणजे किनारा. दिवाळीनंतर अंदमानला जायचं ठरलंय, पाच दिवस, त्यातले दोन जाण्यायेण्यातच संपतात. राहिलेल्या तीन दिवसांत दोन बेटं, त्या बेटांवर पाच-सहा किनारे, आणि त्यातले तीनच होतील असं त्याचं गणित. मग म्हणाला, "आई, तुला याद्या करायची हौस आहे ना, तूच निवड." मला वाटलं, खरंच निवडायला दिलंय. हिशेबाच्या वहीची मागची पानं काढली, रेघा मारल्या, चष्मा लावून बसले. आज आठवडा झाला. मी एक नाव घेतलं की म्हणतो, "तिथं नको, तिथं तुला बसायला काही नाही." दुसरं घेतलं की, "तिथं सावली नाही, तू कुठं बसशील?" तिसरा किनारा त्यानं स्वतःच काढला, फोटो दाखवला. त्यात एक सिमेंटचं बाकडं अन् वर झावळ्यांचं छप्पर. "हे बघ, खास तुझ्यासाठी. आम्ही पाण्यात जाऊ, तू निवांत बस, सामानावर तेवढं ध्यान ठेव." आप्पा, एवढा खर्च करून, विमानात बसून, समुद्राच्या मधोमध जाऊन मी बाकड्यावर बसू? बाकडं नांदेडच्या स्टेशनावर पण आहे. तिथंही सामानच सांभाळते मी.

बरं, निवडायचं तरी कशावरून? सूनबाईच्या मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून डोळे दुखायला लागलेत. सगळे वरून काढलेले, आकाशातून, जसं काही आपल्याला घार होऊन जायचंय. निळं पाणी, पांढरी वाळू, अन् खाली गाणं. पाण्यात शिरल्यावर जमीन कुठवर लागते, खाली वाळू आहे का खडक, हे एक जण सांगत नाही. खाली लोकांचे अभिप्राय असतात, तेही वाचले. एकानं पाच तारे देऊन लिहिलंय, स्वर्ग आहे. दुसऱ्यानं पाच तारे देऊन लिहिलंय, नारळपाणी छान मिळतं. तिसरी एक बाई चिडलीय, तिच्या केसांत वाळू गेली म्हणून. समुद्रावर जाऊन वाळूचा राग! शेवटी मीच हॉटेलवाल्याला फोन लावला. म्हटलं, "भैया, तुमारे उधर पानी कित्ता गहरा है? पाँव टिकते क्या?" तो म्हणाला, "मॅडम, व्ह्यू बहुत अच्छा है." मी म्हटलं, "व्ह्यू में नहाते क्या?" तेव्हा कुठं हसला, अन् मग नीट सांगायला लागला. एका किनाऱ्यावर ओहोटीला पाणी गुडघ्याइतकंच राहतं, एकावर काळे दगड आहेत, बाहेर येताना पाय सोलून निघतात, एका ठिकाणी होडीनं जावं लागतं अन् जत्रा असते. सगळं वहीत लिहून घेतलं. मागून आमचे हे म्हणतात, "तुला काय करायची पाण्याची खोली? तुला बसायचंच हाय." यांचं स्वतःचं म्हणणं एवढंच, चहा कुठंही मिळाला पाहिजे.

त्यातल्या एका बेटावरच्या किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी आहेत. मुलगा चिडवतो, "आई, तुझं काम सोपं झालं. नावावरूनच निवड, दर्शन घेतल्यासारखं होईल." म्हटलं, रामाचं अख्खं घरदार किनाऱ्याला लावलंय, आपल्या महादेवाच्या नावाचा एक तरी आहे का? अन् लक्ष्मणाचा आहे तर उर्मिलेचा कुठाय? यावर सूनबाई पटकन म्हणाली, "ती सामानावर बसली असंल, आई." सगळे हसले. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन कणीक जरा जास्तच मळली.

त्यांचा तरी काय दोष, आप्पा. ते माझी काळजीच करून राहिलेत. दोष तुमचा आहे. बावीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी अजून मला काठावर बसवणारे तुम्हीच.

मला पोहता येतं हे या घरात कुणाला माहीत नाही. चाकूरजवळच्या आपल्या मळ्यातली विहीर तुम्हाला आठवत असेल. मी आठ वर्षांची आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, तुम्ही दुकान चुलत्यावर टाकून सकाळीच आलाय. माझ्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधलाय, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक तुमच्या हातात. मी पायरीवर उभी राहून रडतेय अन् तुम्ही म्हणताय, "पाण्याकडं काय बघतीस? पाणी बघून उतरायचं न्हाई. बाहेर यायची जागा बघून ठेव, मग उतर." आणि ढकललंत. नाकातोंडात पाणी गेलं, वर कावळे दिसले, आकाश गोल दिसलं. पंधरा दिवसांत डबा सुटला, महिन्यात दोर सुटला. दुसऱ्या वर्षी मी मधल्या कठड्यावरून उडी मारायचे अन् तुम्ही वर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, "बघा, पोरगी हाय का मासा हाय." मी आजही किनाऱ्यांचे फोटो बघताना आधी बाहेर यायची जागाच बघते. बाकीच्यांना निळा रंग दिसतो.

मग तेराव्या वर्षी माझी दीक्षा झाली. स्वामींनी गळ्यात इष्टलिंग बांधलं, चांदीच्या डबीत, पांढऱ्या दोऱ्यात. आईनं बजावलं, जीव गेला तरी अंगावेगळं करायचं नाही, झोपताना नाही, न्हाताना नाही. मला तेव्हाही ते आवडायचं, आप्पा, हे खोटं नाही. सकाळी तळहातावर घेऊन पूजा करताना घरात मीच मोठी झाल्यासारखं वाटायचं. आजही एक दिवस चुकलेला नाही. पण तो उन्हाळा आला, आपण मळ्यात गेलो, आणि त्या दिवशी मी विहिरीतून वर आले तेव्हा आईनं माझा गळा पाहिला. गळा मोकळा होता. आई अशी ओरडली, की शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही धोतरासकट उडी मारली होती.

तुम्ही बुड्या मारत राहिलात. तळाचा गाळ मुठीनं वर आणायचा, पायरीवर टाकायचा, बोटांनी चाचपायचा, अन् पुन्हा खाली. डोळे लाल झाले होते, नखं फुटली होती. चुलती म्हणत होती, "लिंग सापडल्याबिगर पोरीच्या तोंडात पाण्याचा थेंब घालू नगा." आई काठावर बसून कपाळ बडवत होती. मी मोजत होते. नवव्यांदा तुम्ही खाली गेलात अन् लई वेळ वर आला नाहीत. मी पायऱ्या उतरले, मधल्या कठड्याजवळच्या कपारीत, जिथं साळुंक्या घरटं करायच्या, तिथं हात घातला आणि डबी बाहेर काढली. तुमचं डोकं पाण्यावर आलं तेव्हा ती माझ्या हातात होती. मी म्हणाले, "इथं हाय." एवढंच म्हणाले, आप्पा. कुठून आली ते मी म्हणाले नाही. आईच म्हणाली, "शिवानं वर काढून ठिवलं गं माझ्या पोरीचं!" आणि तुम्ही, ओल्या धोतरानं, त्या कपारीला डोकं टेकवलंत.

तिथं तरी थांबायचं ना. पण नाही. "देवानं एकदा सांभाळलं. दुसऱ्यांदा त्याची परीक्षा बघायची न्हाई," म्हणालात अन् माझं पोहणं त्या दिवसापासून बंद. आणि तुमचं सांगणं सुरू. दुकानात सांगितलं, लग्नाकार्यात सांगितलं, लातूरला मालाला गेलात तर अडतीवर सांगितलं. मी मोजलेल्या नऊ बुड्या मी मॅट्रिकला जाईपर्यंत अकरा झाल्या आणि माझ्या लग्नापर्यंत एकवीस. सासूबाईंनी मला पाहायला आल्यावर स्वयंपाक विचारला नाही की शिवण विचारलं नाही. म्हणाल्या, "हीच का ती पोरगी, देवानं जिचं लिंग विहिरीतून वर आणून दिलं?" झालं, पसंत. सासरी मी आले ती तशी, चमत्काराची सून. कुणाकडं पूजा असली की पहिला मान मला. तीर्थाला गेलो की मला नदीत उतरू देत नाहीत, वरूनच तांब्याभर पाणी डोक्यावर घालतात, "तुमचं पाण्याचं तसं हाय ना." चाळीस वर्षं नांदेडात राहून गोदावरी मी तांब्यानं पाहिली. मुलाला पोहायला घातलं होतं तेव्हा तलावाच्या कडेला मी त्याचा टॉवेल धरून बसायचे. एकदा न राहवून म्हटलं, हात आपटू नको, पाणी ओढ. तर म्हणतो, "आई, तुला काय कळतं त्यातलं?" बरोबर आहे. मला कसं कळणार? तुम्ही कथा सांगितली, पण त्या कथेतली पोरगी पोहत होती हे सांगायचं हळूहळू विसरून गेलात. शेवटी शेवटी तुमच्या कथेत मी काठावर उभी असायचे अन् लिंग आपोआप पाण्यात पडायचं.

तुमचा राग येतो तो याच्यासाठी. दोरा घट्ट बांधला असता तर चाललं नसतं? डबीला झाकण होतं, दोऱ्याला गाठ होती, गाठ दोनदा मारता आली असती. ते न करता तुम्ही पोरीचंच पाणी तोडलंत. आणि मी तरी कुठं तोंड उघडलं? तुम्ही जिवंत असताना बोलले असते तर एकवीस बुड्यांचा माणूस गावात खोटा पडला असता. तुम्ही गेल्यावर बोलावं तर गेलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं. असं करत करत अठ्ठावन्न वर्षांची झाले. गुडघे अजून चालतात. आणखी पाच वर्षांनी मला कुणी समुद्र दाखवला तर मी स्वतःच बाकडं मागेन.

वरचं सगळं मी परवा लिहिलं. काल सकाळी पोह्यांच्या वेळी पुन्हा तेच निघालं. बाकड्याचा किनारा नक्की करून टाकू म्हणाला, बुकिंग थांबलंय. मी म्हटलं, बाकडं नको. मी पाण्यात उतरणार आहे. पोहणार आहे. मुलगा घास हातात धरून बघत राहिला. "आई, पण ते लिंगाचं? आजोबांनी सांगितलेलं?" मी म्हटलं, "देवानं काही वर काढलं नव्हतं. मीच काढून कपारीत ठेवलं होतं. आणि मला पोहता येतं, तुझ्यापेक्षा बरं." मग आमचे हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे माझ्या आईनं तुला चमत्कार समजून आणलं अन् माल साधाच निघाला?" मी म्हटलं, "परत करायची मुदत गेली." सूनबाईला हसता हसता ठसका लागला. पोरगा मात्र हसला नाही. म्हणाला, "इतकी वर्षं का नाही सांगितलं गं?" मी वही पुढं सरकवली. दुसऱ्या बेटावरचा राधानगरचा किनारा पहिला. लांब वाळू, दगड नाही, जमीन हळूहळू उतरते, कुठूनही बाहेर येता येतं. आणि सूर्यास्ताला नाही जायचं, सूर्यास्ताला सगळे फोटो काढतात. सकाळी जायचं. बाकीचे दोन तुम्हीच निवडा म्हटलं, मला काही देणंघेणं नाही. त्यानं फोनवर संध्याकाळची वेळ काढून सकाळची केली. सूनबाई आत येऊन हळूच म्हणाली, "आई, मोबाईलसाठी पाणी न जाणारी पिशवी मिळते गळ्यात घालायची. लिंग त्यात ठेवता येईल, अंगावरच राहील." गुणाची आहे पोरगी. मी हो म्हटलंय.

हे पान मी तिकीट यायच्या आत फाडून टाकणार आहे, सूनबाई वही चाळते. चिठ्ठी लिहिली तरी तुम्हाला पोचवणार कोण? पण तिनंच भांडी आवरताना विचारलं होतं, की मग तेव्हा काढून का ठेवलं होतं, आई? मी सांगितलं, दोरा ओला होऊन गळ्याला काचायचा, लहान होते, कळलं नाही. तिला ते पटलं. दोरा काचत नव्हता, आप्पा. मला एकदा नुसतंच पोहून बघायचं होतं, गळ्यात काहीच नसताना. लई हलकं वाटलं होतं.