जुन्या भागात सैन्य जेवत नव्हतं

३ नोव्हेंबर, सकाळ
यवतमाळच्या एका गेमिंग सेंटरची ऑनलाइन स्पर्धा जाहीर. गेम: गडसम्राट. माझाच गेम! पण खेळायचा भाग पाच. आयोजकांची अक्कल चरायला गेली आहे. अस्सल भाग एकच, दोन नंबरचा. तिसरा बिघडला, चौथा मी पाहिलाच नाही, पाचव्यात नुसते ग्राफिक्स. झूम केलं की शिपायाच्या मिशा दिसतात. मिशा बघून गड पडतात का?
तरी नाव नोंदवलं. टोपणनाव: लदेणी किंग. आपले बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांना पोचवायचे, ती लदेणी. रक्तातच युद्ध आहे.

३ नोव्हेंबर, दुपार
बाबांनी खोलीचा विषय काढला. वेचणी जोरात आहे, कापूस ओसरीत मावत नाही. भाव येईपर्यंत माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत भरायचा म्हणतात. मी सांगितलं, फायनल १६ तारखेला, रविवारी आहे, तोवर थांबा. जिंकलो तर खोली कायमची माझी, हरलो तर कापसाची. बाबा एवढंच म्हणाले, बरं, मंग रविवारी खोली झाडून ठेवजो.
अजून नावनोंदणीच झाली आहे आणि हा अविश्वास!
खोली गेली तर माझं काय उरतं? शेतात माझा पाय टिकत नाही, नोकरी नाही. तांड्यात सगळे मला उत्तमसिंगचा सुनील म्हणतात, तेही उसासा टाकून. त्या एका खोलीत मी किंग आहे.

६ नोव्हेंबर
संकल्प: आजपासून रोज भाग पाचचा सराव.
आज भाग दोन खेळलो. पाया पक्का हवा.

८ नोव्हेंबर
भाग पाच उघडला. डोक्याला ताप. पाऊस आला की तोफा चिखलात रुततात. शिपाई थकतात. त्यांचं मन खचतं म्हणे! आणि कहर म्हणजे त्यांना भूक लागते. प्रत्येक फौजेमागे धान्याच्या बैलगाड्या चालवायच्या. भाग दोनमध्ये सैन्य जेवत नव्हतं. सगळं सिलेक्ट करा, शत्रूच्या गडावर एक क्लिक करा, मोकळे व्हा.
रात्री जेवताना बाबांना आणि याडीला, म्हणजे आईला, हे समजावून सांगितलं. याडी म्हणाली, मंग ते लढतेत कायच्या भरोशावर? मी म्हटलं, निष्ठेच्या. तिनं माझ्या ताटात तिसरी भाकर टाकली.
कोपऱ्यात एक मंत्री सारखा हात वर करतो, महाराज, धान्य. त्याचे सल्ले सेटिंगमध्ये जाऊन बंद केले. आता स्क्रीन कशी भाग दोनसारखी स्वच्छ दिसते.

१० नोव्हेंबर
मी अंघोळीला गेलो की धाकटी बहीण राखी माझ्या कॉम्प्युटरवर भाग पाच खेळते, हे आज कळलं. वर मलाच सल्ला. भिया, गाड्या ठेवत जाय मांगं, नाही तं सैन्य उपाशी मरते.
तिला खाली बसवून आपल्या समाजाचा इतिहास सांगितला. आपले बैल थांबले की फौजा थांबायच्या, एवढा आपला मान. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मंग तू त्या बैलायलेच काहून विकून राह्यला?
मी त्या वेळी गाड्या विकून हत्ती घेत होतो. विषय वेगळा आहे. तिला कळणार नाही.

१४ नोव्हेंबर
फायनलला पोचलो! पहिल्या प्रतिस्पर्ध्याकडची लाईट गेली, दुसऱ्याची परीक्षा निघाली. दरारा म्हणतात तो हाच.
समोर कळंबची समीक्षा. चौकशी केली. भाग दोन तिनं बघितलेलाही नाही. नवशिकी.
हात गार पडताहेत. थंडी सुरू झाली आहे.

१६ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन
चारला सामना. दोन घास गेले नाहीत. बाबा दारातच बसलेत, शेजारी कापसाची गाठोडी. खोली कुणीतरी झाडून ठेवली आहे. मी नाही झाडली.

१६ नोव्हेंबर, सामना चालू
फौज निघाली. सगळं सिलेक्ट, एक क्लिक. गाड्या एकही नाही, सगळे हत्तीच हत्ती. वाट लांब आहे म्हणून लिहितोय.
वेढा पडला. समीक्षा बाहेर येतच नाही. घाबरली.
अजून नाही. राखी मागे उभी राहून नखं खाते आहे.
हत्ती बसले. बग असावा.
शिपाई पळताहेत. का? कुणी बाण मारला नाही, तोफ डागली नाही. झूम केलं. मिशा दिसल्या. गालफडं आत गेलेली.
मंत्र्याला परत चालू केलं. तो म्हणाला, महाराज, उशीर झाला.
तिच्या गडाचा दरवाजा उघडला

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
तिचा एकही माणूस पडला नाही. शेवटी चॅटवर लिहिलं, किंग दादा, तुमची लदेणी कुठं राह्यली?
राखी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१७ नोव्हेंबर
हा पराभव माझा नाही, भाग पाचचा आहे. कंपनीला सविस्तर मेल लिहिणार. कॉम्प्युटर सध्या माळ्यावर आहे, त्यामुळे नंतर.
सकाळपासून गाठोडी वाहतोय. ओसरीतून खोलीत, रिकाम्या पाठीनं परत ओसरीत. बाबा पाठीवर चढवून देतात आणि पुढच्या गाठोड्याकडे वळतात. खिडकीपर्यंत कापूस आला आहे. लाज वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही.
दुपारी पाय लटपटायला लागले. याडीकडे भाकर मागितली.
तिनं चुलीवरून मान वर न करता विचारलं, काहून रे, तुह्या जुन्या भागात तं लागत नोयती ना?
तीन खाल्ल्या.